रिव्हेट मारलेली जाळी

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल नवं असतं तेव्हा डाळिंबाच्या रसासारखं लालचुटूक असतं. गाडी नीट चालवली तर ते वर्षानुवर्षं हळूहळू विटकरी होत जातं. पण गिअरबॉक्स एकदा का वाजवीपेक्षा जास्त तापला, की तेच तेल काळंमिट्ट होतं आणि त्याला असा वास सुटतो की तो दोन दिवस नाकातून जात नाही. बोटावर एक थेंब घ्यायचा, नाकाशी न्यायचा आणि गिअरबॉक्स राहणार की जाणार ते सांगायचं, ही माझी कला. रायपुरात तेव्हा हे सांगणारे आम्ही तिघेच होतो, आणि उरलेले दोघे मलाच विचारायला यायचे. आमची ही मात्र म्हणायची, "गाडीचं तेल जळालं तं तुमाले रस्त्यावरून वास येते, घरात वरण करपून राहिलं तं येत नाही."

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, काका, वर्कशॉपातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती भरपूर आहेत. दोन सांगतोही. पण लिहायला बसलं की हात तिसऱ्याच गोष्टीकडे वळतो, आणि ती गंमत नाही. ती टाळली तर हा लेख खोटा होईल, आणि एकदा खोटं लिहून बसलोय मी. पुन्हा तेच करायची इच्छा नाही.

माझं नाव गावंडे. वडील बडनेऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, मी तात्यापाऱ्यात वाढलो, आणि रिंग रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपात पाना धरण्यापासून फोरमन होईपर्यंत राहिलो. ऑटोमॅटिक गाड्या रायपुरात आल्या तेव्हा मालकांनी मला तीन आठवडे पुण्याला शिकायला पाठवलं. परत आलो तो साहेब होऊनच. तेव्हापासून बारीकसारीक काम मी हातात घेईनासा झालो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गाडीत क्लच असतो. पायानं दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. ऑटोमॅटिक गाडीत ते काम तेल करतं. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागेल. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे, एवढंच. सपाट रस्त्यावर दोन्ही पंखे बरोबरीनं फिरतात आणि तेल सुखात असतं. पण लांबलचक चढ लागला, गाडीत वजन आहे, रस्ता दगडांचा आहे, वेग बैलगाडीचा आहे, की एक पंखा भन्नाट फिरतो आणि दुसरा मागे राहतो. मधल्या मधे तेल घुसळलं जातं आणि तापतं. ते थंड करायला गाडीच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला, एक छोटा कूलर असतो. तेल त्यातून फिरतं, समोरून हवा लागते, निवतं. म्हणजे सगळा खेळ त्या हवेवर आहे. हे वाक्य मी शिकवताना शेकडो वेळा म्हटलं असेल.

आता गमती. एक ठेकेदार होते, जगदलपूरकडे त्यांची कामं चालायची. केशकालच्या घाटात ट्रकांची रांग लागली की हे गृहस्थ ब्रेकवर पाय ठेवायचे नाहीत. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून ॲक्सिलेटर हलकेच दाबून तिला जागच्या जागी तोलून धरायचे आणि फोनवर बोलत बसायचे. तासभर. त्यांना वाटायचं, गाडी उभी आहे म्हणजे आराम करतेय. आत तेलाची कढी होत होती. मी समजावलं तर म्हणाले, "लेकिन गावंडेजी, पाँव तो मेरा दुखता है, गाडी को क्या तकलीफ?"

दुसरे एक राइस मिलवाले शेठ. त्यांनी गिअरबॉक्सात ट्रॅक्टरचं तेल भरलं, कारण मिलमध्ये ते पिंपभर होतं. गाडी गचके खायला लागली. मी विचारलं, हे काय केलंत? शेठ शांतपणे म्हणाले, "तेल तो तेल है." त्यांच्या गाडीच्या कूलरवर भाताचा कोंडा इतका बसला होता की खाली पत्रा आहे हे हात लावून पाहावं लागलं. आणि माझ्या जाळीचा जन्म तिथे झाला.

रायपूरच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. धान कापलं की इकडे कितीतरी गावांत ते डांबरी सडकेवरच पसरतात. गाड्या वरून जातात, मळणी आपोआप होते. गाडीवाल्याला कोंड्यातून आणि पेंढ्यातून जावं लागतं. मिलांच्या भागात भुसा उडतच असतो, आणि दिवाळीच्या सुमाराला माहू नावाचे ते हिरवे किडे ढगासारखे दिव्यांवर येतात. हे सगळं गाडीच्या पुढच्या तोंडातून आत जातं आणि कूलरच्या बारीक पात्यांत अडकतं. साफ करायचं तर बंपर उतरवावा लागतो, अर्धा दिवस जातो. मी डोकं चालवलं. खिडकीला डासांसाठी लावतात तशी बारीक स्टीलची जाळी कापून, चार क्लिपांनी ग्रीलच्या मागे खालच्या बाजूला बसवली. कोंडा जाळीवर अडणार, ब्रश मारला की साफ. लोकांना आवडली. बघता बघता चाळीसेक गाड्यांना लागली. ड्रायव्हर लोक तिला 'गावंडे जाली' म्हणायला लागले. मालक पाहुण्यांना सांगायचे, हे आमच्या फोरमनचं डोकं. उरलेल्या तुकड्यातून मी घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीलाही लावली. नाव मिळालं की माणूस कसा वाहवतो, याला आणखी काय पुरावा हवा?

आता ती तिसरी गोष्ट.

एका संस्थेची पांढरी फोर-व्हील गाडी आमच्याकडे यायची. संस्थेचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा नाही. कवर्ध्याच्या पुढे घाट चढून, मुख्य सडक सोडून, पठारावरच्या काही पाड्यांवर त्यांचं डॉक्टरांचं पथक आठवड्यातून एकदा जायचं. लसी, औषधं, बाळंतिणींची तपासणी. गाडी ऑटोमॅटिक होती, कुणीतरी दान दिलेली. पथकाच्या प्रमुख होत्या डॉक्टर पाटणकर. पुण्याच्या, तिशीतल्या, नुकत्याच रायपुरात आलेल्या. पहिल्या दिवशी मी मराठी बोललो तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "काका, इथे कुणी आपलं माणूस भेटेल असं वाटलंच नव्हतं." मीही फुशारलो. त्यांच्या गाडीला जाळी मी स्वतःहून बसवून दिली.

त्या गाडीचा ड्रायव्हर मनराखन साहू. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा, गळ्यात गमछा. आधी ट्रक चालवायचा. ट्रकवाले गाडीचा आवाज ऐकतात, हे मी तेव्हाही जाणून होतो.

दोनेक महिन्यांनी सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा मला दिसलं की जाळीच्या क्लिपांवर पेचकसाचे ओरखडे आहेत. कुणीतरी ती काढतंय आणि पुन्हा लावतंय. मी मनराखनला हाक मारली. डॉक्टरबाई शेजारीच उभ्या होत्या, त्या गाडी न्यायला आल्या होत्या.

"जाली को कौन हाथ लगाता है?" मी विचारलं.

"मैं, भैया," तो म्हणाला. लपवाछपवी काही नाही. "घाट के पहिली उतारता हूँ, लौट के लगा देता हूँ. चढाव मं बत्ती बर जाथे. जाली ला हेर देथँव त नइ बरय. भूसा भर जाथे ना, हवा नइ घुसरय."

चढावर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागतो, जाळी काढली की लागत नाही. कोंडा भरतो, हवा आत जात नाही. निदान पूर्ण होतं. त्यात एक शब्द कमी नव्हता, एक जास्त नव्हता. पुण्याला तीन आठवडे शिकून आलेल्या माणसानं कान टवकारायला हवे होते. रायपूर ते कवर्धा कोंड्याची सडक, आणि कवर्ध्यानंतर लगेच घाट. म्हणजे जाळी नेमकी भरून तयार व्हायची आणि चढ सुरू व्हायचा. खालच्या बाजूला कूलर, खालच्याच बाजूला जाळी. वरून हवा मिळते म्हणून इंजिनाचा काटा ठीक दाखवायचा आणि गिअरबॉक्स आतल्या आत भाजून निघायचा.

मी काय केलं? हसलो. चार लोकांत हसलो. "अब तू मेरे को गिअरबॉक्स सिखाएगा?" असं म्हणालो. आजूबाजूचे मेकॅनिकही हसले, फोरमन हसला की हसावं लागतं. मनराखन मान खाली घालून गमछ्यानं हात पुसत राहिला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी कमी लाज वाटली असती. पण मी डॉक्टरबाईंकडे वळलो आणि मराठीत, म्हणजे मनराखनला नीट कळू नये अशा बेतानं, म्हणालो, "मॅडम, हे ड्रायव्हर लोक असंच करतेत. आज जाळी काढते, उद्या दुसरं काही काढंन. तुमी नव्या आहा, लक्ष ठेवा जरा."

"असं का?" त्या म्हणाल्या. "मग काय करायचं, काका?"

"मी बंदोबस्त करून देतो."

क्लिपा काढून मी जाळीला रिव्हेट मारले. सहा रिव्हेट. आता ती पेचकसानं निघणार नव्हती, ड्रिल लावल्याशिवाय निघणारच नव्हती. पुण्याहून आल्यापासून मी हातात हत्यार घेत नसे, पण हे काम मात्र स्वतः केलं. मनराखन बाजूला उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "हव भैया, जइसे तुम्हर मरजी."

अगहनचा, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाचा, महिना होता, सडका धानानं भरलेल्या. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला गाडी पठाराच्या चढावर बसली. दिवा लागला, मनराखननं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून तेल निवू दिलं, अगदी नियमाप्रमाणे. पुन्हा निघाले, पुन्हा दिवा. तो खालच्या गिअरातच चालवत होता. काठीनं जाळी खरवडायचा प्रयत्न त्यानं केला, पण ग्रील मधे आणि रिव्हेट माझे. तिसऱ्यांदा गाडी हललीच नाही. पथकातल्या नर्सबाई आणि तो, लसीचा डबा डोक्यावर घेऊन वरच्या पाड्यापर्यंत चालत गेले. डॉक्टरबाई त्या दिवशी रायपुरातच होत्या.

गाडी ट्रकवर चढून आमच्याकडे आली. मी तेलाचा थेंब बोटावर घेतला. नाकाशी न्यायची गरज नव्हती. मग पुढे जाऊन खाली वाकून पाहिलं. जाळीवर कोंडा, माती आणि मेलेले माहू यांचा थर जमून घोंगडीचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसत होता. बोटानं खरवडलं तरी पलीकडचं काही दिसेना.

मला सगळं एका मिनिटात कळलं. इथे कुठलाही संशय नव्हता, तपास नव्हता. बाकीचे जेवायला गेले होते. मी ड्रिल घेतलं, सहाही रिव्हेट उडवले, जाळी काढली आणि कबाडाच्या ड्रममध्ये टाकली. काम नीट केलं. रिव्हेटची भोकं दिसू नयेत म्हणून त्यांत काळे रबरी बूच बसवले. कारागीर माणूस, खोटं करायचं तरी सफाईनं.

मग फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, 'बिघाडाचं कारण'. आमच्या धंद्यात त्या रकान्याची एक सवय आहे, ती सांगून टाकतो. गाडीत काय बिघडलं ते सापडलं नाही, किंवा सापडलं पण सांगायचं नाही, की तिथे लिहायचं: चालकाची चूक. ड्रायव्हरला फॉर्म कुणी दाखवत नाही. मी लिहिलं, 'चढावर खालचा गिअर न वापरता सतत जोर दिल्यामुळे तेल जळाले. चालकाची चूक.' खाली सही केली, लफ्फेदार.

डॉक्टरबाईंचा फोन आला. "काका, मनराखन म्हणतोय त्याने लो गिअरच वापरला होता."

"ड्रायव्हर तसंच म्हनते जी."

"तो जाळीचंही काहीतरी म्हणत होता."

"जाळीचा काही संबंध नाही." हे मी म्हणालो. अजून कानात आहे माझ्या.

 मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल." मनराखनला कामावरून काढलं. दुरुस्तीची मंजुरी यायला वेळ लागला, पठारावरची फेरी कित्येक महिने बंद राहिली. त्या महिन्यांत वर काय झालं, कोण आजारी पडलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

का केलं? नोकरी जाण्याची भीती नव्हती. चार महिन्यांत मी निवृत्त होणार होतो. भीती होती ती नावाची. चाळीस गाड्यांना माझी जाळी लागलेली, निरोपसमारंभात मालक तिच्याबद्दल बोलणार हे ठरलेलं. त्या जाळीनं गाडी जाळली, असं माझ्याच तोंडून निघणं मला जमलं नाही. आणि याहून वाईट पुढे आहे. पुढच्या चार महिन्यांत जी जी गाडी सर्व्हिसिंगला आली तिची जाळी मी गुपचूप काढून टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचो, आता नवी पद्धत आलीय. म्हणजे शेठ लोकांच्या गाड्या मी वाचवल्या. मनराखनसाठी एक ओळ बदलली नाही. निरोपसमारंभात मालक जाळीबद्दल बोललेच. टाळ्या वाजल्या, मी हात जोडले.

तीन वर्षं गेली. एकदा सकाळी आम्ही दोघं पुरानी बस्तीतल्या देवळाला निघालो होतो. ई-रिक्षा थांबवली, बसलो. चौकात गर्दी होती, रिक्षा हळू झाली, आणि ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "चिन्हेव नइ का, गावंडे भैया?"

ओळखलं नाही का, असं विचारत होता. मी आवाजावरून ओळखला. गमछा तोच होता की दुसरा, ठाऊक नाही.  काय बोलावं म्हणून विचारलं, "कैसे हो मनराखन? ये कब से?"

"तभे ले," तो म्हणाला. तेव्हापासून. "गियरवाली गाडी अब कोनो नइ देवय. सब ड्रायव्हर मन जानथें, मनराखन ऑटोमॅटिक ला जला दिस."

मी म्हणालो, "मनराखन, वो जाली..."

"मैं देखे रेहेंव भैया," तो मधेच म्हणाला. आवाज चढलेला नाही, काही नाही. "कबाड के ड्रम मं. दूसर दिन अपन टिफिन निकाले बर आए रेहेंव गाडी ले. जाली दिखिस."

म्हणजे दुसऱ्या दिवशी तो गाडीतून आपला डबा न्यायला आला होता, तेव्हाच त्याला ती दिसली होती. "तो फिर बोला काहे नहीं?"

त्यानं देवळाजवळ रिक्षा थांबवली. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मैं सोचेंव, आज नइ त काली, भैया खुदे बताही. चार दिन गेट मेर बइठे रेहेंव."

आज नाही तर उद्या भैया स्वतःच सांगेल, म्हणून तो चार दिवस आमच्या गेटपाशी बसून होता. मला आठवलं. मी त्याला पाहिलं होतं. रोज मोटरसायकलवरून आत जाताना पाहिलं होतं, आणि नोकरीसाठी गयावया करायला आला असेल असं स्वतःला सांगितलं होतं. त्यानं आमच्या हिला हात देऊन उतरवलं, गुडघे दुखतात तिचे, आणि निघून गेला.

ही म्हणाली, "कोन होता तो? आन कोनत्या जाळीचं म्हनत होता?"

देवळाच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तीस-पस्तीस वर्षांत असं बसून काही सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी टाळ्या घेतल्या त्या दिवशी मी समोरच्या खुर्चीवर होती. मले तुमचा गर्व वाटत होता." मग माझ्याकडे वळली. "आता काहून असे बसून राहिले? रडून काय होते? खोटं लिहून देल्लं होतं ना, आता खरं लिहून द्या. आन स्वतः नेऊन द्या."

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी स्वतः उपसून काढली. डास आले तर आले, म्हणाली.

मी साध्या कागदावर सगळं लिहिलं, हिंदीत. जाळी कुणी बसवली, रिव्हेट कुणी मारले, कुणी काढले, कुणी लपवले. बिघाडाचं कारण: फोरमनची चूक. तो कागद घेऊन डॉक्टरबाईंना भेटायला गेलो. त्या आता समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात असतात. त्यांनी तो दोनदा वाचला.

"काका," त्या म्हणाल्या, "मला इथे येऊन चार महिने झाले होते. हिंदी धड येत नव्हती, छत्तीसगढी तर अजिबातच नाही. तुमचं बोलणं घरच्यासारखं वाटायचं. मनराखन खरं सांगत होता आणि मला ते नीट कळतही नव्हतं. मी तुमचं खरं मानलं, कारण तुम्ही मराठीत सांगितलं."

"माहीत आहे जी मले," मी म्हणालो. "मी त्याचाच फायदा घेतला."

त्या मला काही लागेल असं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनीही एक पत्र लिहून दिलं, सहीशिक्क्याचं, की मनराखन साहू यांना कामावरून काढणं चुकीचं होतं आणि त्यांचा दोष नव्हता. दोन्ही कागद घेऊन मी मनराखनचं घर शोधत गेलो.

शहराबाहेरच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दोन खोल्या. अंगणात रिक्षा चार्जिंगला लावलेली. त्याची बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. मनराखननं खाट टाकली, पाणी दिलं. मी बसलो नाही. उभ्यानंच कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "पढ लो. मैंने जो लिखा था, झूठ लिखा था."

त्यानं चष्मा लावला. तो मोठ्यानं वाचायला लागला, शाळेतल्यासारखा, एकेक शब्द. 'जाली मैंने लगाई थी. मनराखन साहू ने मना किया था. मैंने नहीं सुना.' पुढचं वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला. सुपातला आवाज थांबला होता.

"त गाडी ह इंखर हाथ ले नइ जरे रिहिस?" त्याच्या बायकोनं मला विचारलं. गाडी यांच्या हातून जळली नव्हती?

"नहीं बहन," मी म्हणालो. "मेरे हाथ से जली थी."

मी इतका वेळ समजत होतो की मी या माणसाची नोकरी घेतली. फार तर गाव-शहरातलं त्याचं नाव घालवलं. त्याच्या घरातही माझा फॉर्म तीन वर्षं राहत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्या बाईनं माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सूप बाजूला ठेवून उठली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमन तो पहिली ले कहत रहेव."

तुम्ही तर पहिल्यापासून सांगत होता.

 मनराखननं चष्मा काढला आणि गमछ्यानं डोळे पुसले. ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली आणि म्हणाली, एक घाँव अउ पढव. पुन्हा एकदा वाचा. त्यानं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली, आणि मी हात जोडून, कुणाचं लक्ष नसताना, अंगणाबाहेर आलो.